कळणे आणि कळल्यासारखे वाटणे

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने एक इशारा प्रसिद्ध केला. तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या तुलनेत दुप्पट आढळला आहे, असा त्याचा आशय होता. म्हणणे थोडक्यात होते, त्यात अवघड असे काही नव्हते आणि ते खोटेही नव्हते. डॉक्टरांना पत्रे गेली, वर्तमानपत्रांनी मथळे केले आणि असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या घेणे थांबवले. पुढच्या वर्षभरात इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यामुळे सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा नंतरचा अंदाज आहे. ज्या अभ्यासांवर हा इशारा बेतलेला होता त्यांत प्रत्यक्षात दिसले होते ते इतकेच, की जुन्या गोळ्या घेणाऱ्या दर ७,००० स्त्रियांमागे एकीला गुठळीचा त्रास झाला होता आणि नव्या गोळ्या घेणाऱ्या दर ७,००० मागे दोघींना. एकाचे दोन झाले म्हणजे दुप्पट झाले, हे गणित बिनचूक आहे. पण सात हजारांत एक जास्त, हे जिला कळले आहे तिचा निर्णय आणि नुसते दुप्पट एवढेच जिच्या कानावर आले आहे तिचा निर्णय एकसारखा होणार नाही. गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका या गोळ्यांमुळे होणाऱ्या धोक्याहून मोठा असतो, ही बाब तर मथळ्यात मावण्यासारखीच नव्हती.

गुंतागुंतीचे विषय सर्वसामान्य वाचकासाठी सोप्या भाषेत लिहावेत, याबद्दल आता तत्त्वतः कोणाचे दुमत उरलेले नाही. मतभेद आहे तो सोपे कशाला म्हणायचे याबद्दल, आणि तो जितका उघडपणे चर्चिला जायला हवा तितका चर्चिला जात नाही. प्रचलित समजूत अशी की, अवघड शब्दांच्या जागी ओळखीचे शब्द घातले, लांब वाक्ये तोडली, एखादा दृष्टान्त दिला आणि वाचकाने मान डोलावली की काम झाले. माझे म्हणणे असे की, वाचकाची मान डोलणे हा सोप्या लेखनाचा पुरावाच होऊ शकत नाही. लेख वाचून झाल्यावर वाचकाला त्या विषयात काहीतरी करता आले पाहिजे : निर्णय घेता आला पाहिजे, नेमकी शंका काढता आली पाहिजे, प्रसंगी तज्ज्ञाशी वाद घालता आला पाहिजे. हे ज्याने साधते त्या लेखनात चार अवघड शब्द राहिले तरी फारसे बिघडत नाही. ज्याने साधत नाही ते लेखन कितीही गोड आणि ओघवते असले तरी वाचकाच्या हाती त्यातून काही लागत नाही.

भाषा सोपी आणि आशयच चुकीचा, याचे उदाहरण इटलीतील लाक्विला शहराचे आहे. २००९ च्या सुरुवातीच्या महिन्यांत त्या भागात भूकंपाचे लहान लहान धक्के बसत होते आणि लोक धास्तावले होते. ३१ मार्च रोजी तिथे तज्ज्ञांची बैठक झाली. त्याच दिवशी नागरी संरक्षण विभागाच्या उपप्रमुखांनी दूरचित्रवाणीवर सांगितले, की लहान धक्क्यांतून ऊर्जा सतत बाहेर पडत असल्यामुळे परिस्थिती उलट अनुकूल आहे. शाळकरी मुलालाही कळेल इतके हे विधान सोपे आहे. ऐकताक्षणी मनात चित्र उभे राहते, की जमिनीखाली दाब साठला होता, तो थोडा थोडा सुटतो आहे, म्हणजे मोठे संकट टळले. अडचण एवढीच, की भूकंपशास्त्र असे म्हणत नाही. भूकंपाच्या मापनश्रेणीत एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी व्हायची तर ४ तीव्रतेचे जवळजवळ हजार धक्के बसावे लागतील. लहान धक्क्यांनी मोठ्या भूकंपाची बेगमी संपते, हा हिशेब मुळातच जुळत नाही.

६ एप्रिलच्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ३०९ माणसे मृत्युमुखी पडली. धक्का जाणवला की घराबाहेर पडायचे आणि मोकळ्या जागेत रात्र काढायची, ही तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. त्या आश्वासनावर विसंबून आमच्या माणसांनी ती सोडली, असे मृतांच्या नातेवाइकांनी पुढे न्यायालयात सांगितले. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी अशा सातही जणांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने शास्त्रज्ञांना निर्दोष ठरवले. अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली, पण दोष कायम राहिला. भूकंपाचे भाकीत करता आले नाही, हा कोणाचाच अपराध नव्हता, कारण ते कोणालाच करता येत नाही. परंतु ‘मोठा भूकंप होईल की नाही हे आम्हाला सांगता येत नाही’ हे वाक्यही तितकेच सोपे होते आणि खरे होते. सोपेपणासाठी खरेपणाचा बळी द्यावा लागतो ही तक्रार तज्ज्ञ मंडळी नेहमी करतात. इथे तसे काही द्यावे लागणार नव्हते. नको होते ते फक्त लोकांना अस्वस्थ ठेवणे.

अशा वाक्यांना आपण इतक्या सहज का फसतो, याचा काही उलगडा मानसशास्त्रातील प्रयोगांतून होतो. येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एक साधे काम दिले होते. झिप, कुलूप, फ्लशची टाकी अशा वस्तू कशा चालतात हे आपल्याला कितपत कळते, याचे त्यांनी स्वतःच स्वतःला गुण द्यायचे होते. बहुतेकांनी बरे गुण घेतले. मग त्याच वस्तूचे काम टप्प्याटप्प्याने, कशामुळे काय होते हे सांगत लिहून काढायला सांगितले, आणि नंतर पुन्हा गुण द्यायला सांगितले. तेव्हा गुण घसरले. झिप ओढली की दाते एकमेकांत बसतात, इथपर्यंत सगळ्यांची गाडी सुरळीत जाते, पण ते कशाने बसतात आणि मधूनच ओढले तर सुटत का नाहीत, हे लिहायला बसल्यावर पेन थांबते. ओळख आणि समज यांतला फरक माणसाला आपणहून जाणवत नाही, लिहायला किंवा सांगायला लागल्यावरच जाणवतो.

याच्याच पुढची पायरी जर्मनीतील संशोधकांच्या एका गटाने २०१७ मध्ये दाखवली. आरोग्याविषयीचे तेच संशोधन काही वाचकांना लोकप्रिय शैलीत आणि काहींना शास्त्रीय शैलीत वाचायला दिले, तेव्हा लोकप्रिय शैलीतले वाचणाऱ्यांना लेखातला दावा अधिक पटला, या विषयावर आपले आपण मत बनवू शकतो असा त्यांचा विश्वास वाढला आणि तज्ज्ञाला विचारण्याची गरज त्यांना कमी वाटली. म्हणजे विषय सोपा करून सांगितल्यावर वाचक विषयच सोपा आहे असे धरून चालतो. या निष्कर्षाने काही विद्वानांना मनातून आनंद झाला असेल. लोकांसाठी लिहायलाच नको, असे म्हणायला त्यांना एक शास्त्रीय आधार मिळाला. मला त्यातून दुसरेच दिसते. सोप्या लेखात विषयाची अवघड जागा कुठे आहे ते दाखवले नाही, तर तो अर्धवट लेख आहे. भाषेतली अडचण काढायची ती विषयातली अडचण नीट दिसावी म्हणून. दोन्ही एकदम काढून टाकल्या तर उरते ती केवळ करमणूक.

दुसऱ्या टोकाचा, म्हणजे दुर्बोधतेचा, दोष मात्र याहून जुना आणि अधिक पसरलेला आहे, आणि त्याची किंमत फक्त सामान्य वाचकच मोजतो असेही नाही. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयानाचे उड्डाण झाले तेव्हा इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या धडकेचा अभ्यास केला आणि निष्कर्ष अधिकाऱ्यांसमोर स्लाइडच्या रूपाने ठेवले. त्यांतली एक स्लाइड पुढे अभ्यासाचा विषय झाली. तिचे शीर्षक वाचले तर चाचण्यांचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत असे वाटते. खाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, त्यांखाली आणखी आत सरकवलेले उपमुद्दे, आणि सगळ्यांत शेवटी, बारीक अक्षरांत, तुटक शब्दांत एक नोंद : निखळलेल्या तुकड्याचे आकारमान १,९२० घनइंच, चाचणीतल्या तुकड्याचे ३ घनइंच. संपूर्ण स्लाइडमध्ये महत्त्वाचे होते ते एवढेच. ते साध्या वाक्यात असे लिहिता आले असते : ‘आम्ही ज्या तुकड्यांवर चाचण्या केल्या त्यांच्यापेक्षा हा तुकडा सुमारे ६४० पट मोठा आहे, त्यामुळे यानाला किती इजा झाली असेल ते त्या चाचण्यांवरून सांगता येत नाही.’ यात एकही तांत्रिक शब्द नाही आणि अचूकता रतिभरही कमी झालेली नाही. उलट वाढली आहे, कारण चाचण्यांचा आवाका कुठे संपतो ते आता लपून राहत नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटले आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या आपल्या अहवालात या स्लाइडची दखल घेतली आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने ती वाचूनही जिवावर बेतलेला प्रसंग आहे हे त्याच्या लक्षात येऊ नये, हे सहज समजण्यासारखे आहे, अशा आशयाचा शेरा मारला.

ही स्लाइड करणारी माणसे अडाणी नव्हती आणि काही लपवण्याचा त्यांचा हेतू होता असेही दिसत नाही. जाणकार माणूस दुर्बोध लिहितो तेव्हा बहुधा त्याला ते दुर्बोध वाटतच नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये केलेला प्रयोग या बाबतीत पुन्हा पुन्हा सांगितला जातो, आणि सांगितला जाण्यासारखा आहेही. काही जणांनी एखाद्या परिचित गाण्याची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. निम्मी तरी गाणी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी तीनच ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण सुरावट चालू असते. समोरच्याला ऐकू येते ती केवळ टकटक. तज्ज्ञाच्या लेखनात हेच घडते. मधल्या तीन पायऱ्या त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात, म्हणून कागदावर उतरतच नाहीत. शास्त्रीय लेखन तर काळाबरोबर अधिकाधिक बिकट होत चालले आहे. १८८१ ते २०१५ या काळातल्या शोधनिबंधांचे ७,०९,५७७ सारांश तपासणाऱ्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांची वाचनीयता सातत्याने घसरत गेल्याचे आढळले. हा नुसता सामान्य माणसाचा प्रश्न नव्हे. हृदयरोगतज्ज्ञ पतधोरणाविषयी वाचतो, अर्थतज्ज्ञ हवामानबदलाविषयी वाचतो, न्यायाधीश डीएनए चाचणीविषयी वाचतो, तेव्हा तो सर्वसामान्य वाचकच असतो. आपल्या खोलीबाहेर पाऊल टाकले की प्रत्येक जण सर्वसामान्य वाचक होतो, आणि समाजाचे बहुतेक मोठे निर्णय खोल्यांच्या बाहेरच होतात.

सुबोध लिहिले की लेखकाची चूकही सहज सापडते, ही गोष्ट दुर्बोधतेच्या बाजूने छुपेपणाने काम करते, असे मला वाटते. गॅलिलिओने १६३२ मध्ये पृथ्वी फिरते की सूर्य, हा वाद लॅटिन सोडून इटालियन भाषेत, तीन माणसांच्या संवादाच्या रूपाने मांडला. त्यातला एक जुन्या मताचा असून तो सतत आक्षेप घेतो, आणि त्याची थोडी टिंगल होत असली तरी वाचकाच्या मनातले प्रश्न त्याच्या तोंडून बाहेर पडतात. चौथ्या दिवसाच्या संवादात गॅलिलिओने आपला सर्वांत लाडका पुरावा मांडला आहे : पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते म्हणून समुद्राला भरती-ओहोटी येते. हा पुरावा चुकीचा होता. त्या हिशेबाने भरती दिवसातून एकदाच यायला हवी. किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की बहुतेक ठिकाणी ती दोनदा येते, आणि गॅलिलिओला त्यासाठी समुद्राच्या लांबी-खोलीची जास्तीची कारणे जोडावी लागली. पण त्याने इतके स्वच्छ लिहिले होते की, त्याची चूक दाखवायला वाचक खगोलशास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती, समुद्र पाहिलेला असणे पुरेसे होते. वाचकाच्या हाती लेखकाविरुद्ध वापरता येईल असे साधन देणे हा सोप्या लेखनाचा धोका मानला जातो. माझ्या मते त्याचे मोल त्यातच आहे.

आता हे करायचे कसे, याबद्दल थोडे. सोपे लिहा म्हटले की पहिली सूचना वाक्ये लहान करण्याची येते. वाचनीयतेची जी सूत्रे प्रचलित आहेत, त्यांतले रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे सूत्र सर्वांत प्रसिद्ध. ते वाक्यातले सरासरी शब्द आणि शब्दातली सरासरी अक्षरे (म्हणजे उच्चाराचे तुकडे) मोजते आणि गुण देते. मोजायला ते सोयीचे आहे. पण समजा एका औषधाबद्दल असे लिहिले : ‘औषध सुरक्षित आहे. चाचणी ४०० जणांवर झाली. कोणालाही गंभीर त्रास झाला नाही.’ सूत्राला हे फार आवडेल. आता हे वाचा : ‘चाचणी ४०० जणांवरच झालेली असल्यामुळे, हजारांत एखाद्याला होणारा त्रास तीत मुळीच न दिसण्याची शक्यता तीनात दोन इतकी असली, तरी जो त्रास शंभरात दोघा-तिघांना होतो तो जवळजवळ नक्कीच दिसला असता, आणि तो दिसला नाही, तेवढ्या मर्यादेत औषध सुरक्षित म्हणता येते.’ दुसरे वाक्य लांबलचक आहे आणि दोनदा वाचावे लागेल. परंतु औषध घ्यावे की नाही हे ठरवणाऱ्याला कामाचे काय आहे ते त्यातच आहे. पहिल्या रूपात तीन विधाने एकमेकांना खेटून उभी आहेत, त्यांचे नाते काय ते वाचकाने ओळखायचे. ‘असल्यामुळे’, ‘असली तरी’, ‘तेवढ्या मर्यादेत’ या दुव्यांतच सगळा युक्तिवाद असतो आणि वाक्ये तोडताना पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. वाक्य लांब आहे की आखूड, यापेक्षा त्यातला प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याला धरून येतो की नाही, हे पाहिले पाहिजे. अर्थात लांब वाक्याचे समर्थन हे पसरट लिहिण्याला निमित्त होऊ नये. तोडता येण्यासारखी, आणि तोडल्यावर काहीच न गमावणारी लांब वाक्ये आपल्या लेखनात भरपूर असतात.

आकड्यांच्या बाबतीत एक प्रश्न लेखकाने स्वतःला विचारायलाच हवा : कशातले? ‘उद्या पावसाची शक्यता ३० टक्के’ हे विधान घ्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन आणि मिलान या पाच शहरांतल्या लोकांना याचा अर्थ विचारला होता. युरोपातल्या चारही शहरांत सर्वाधिक पसंती मिळालेला अर्थ असा, की उद्या दिवसातला ३० टक्के वेळ पाऊस पडेल. काहींना ३० टक्के भागात पडेल असे वाटले. हवामानखात्याच्या लेखी अर्थ असा, की उद्यासारखी परिस्थिती असलेल्या दहा दिवसांपैकी तीन दिवशी पाऊस पडतो. वेळ, जागा की दिवस, एवढे एक सांगितले असते तर घोटाळा टळला असता. दरवेळी तो एक शब्द गाळला गेला, कारण लिहिणाऱ्याला तो सांगण्याची गरजच वाटली नाही. गोळ्यांच्या प्रकरणातही उणीव होती ती नेमकी हीच.

दृष्टान्तांविषयी माझे मत थोडे कडक आहे. वाचकाला चटकन काहीतरी दिसावे म्हणून लेखक दृष्टान्त देतो, आणि वाचक विषय विसरून दृष्टान्तच घेऊन घरी जातो. व्यापक सापेक्षतेबद्दल, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला अवकाश आणि काळ यांची वक्रता मानणाऱ्या आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताबद्दल, लिहिताना ताणलेली रबरी चादर आणि तिच्यात रुतलेला जड गोळा हा दृष्टान्त इतका रुळला आहे, की अनेकांना तेच सापेक्षतेचे स्पष्टीकरण वाटते. पण गोळा चादरीत रुततो तो खालून पृथ्वी त्याला ओढते म्हणून. गुरुत्वाकर्षण समजावण्यासाठी आपण गुपचूप गुरुत्वाकर्षणच वापरलेले असते. शिवाय खाली पडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मुख्य भाग काळाच्या वक्रतेचा असतो, आणि चादरीत काळ कुठेच नाही. दृष्टान्त देऊच नये असे मी म्हणत नाही. तो कुठवर चालतो आणि कुठे तुटतो हे त्याच परिच्छेदात सांगावे, आणि ते सांगता येत नसेल तर दृष्टान्त गाळावा.

याहून चांगली वाट मायकेल फॅरडे यांनी दाखवली होती. १८६० च्या नाताळात सुरू झालेली, मुलांसाठी दिलेली त्यांची सहा व्याख्याने एका मेणबत्तीभोवती फिरतात. मेणबत्ती कशासारखी आहे हे सांगण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. मेणबत्तीच तपासायला घेतली. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात वाकवलेल्या काचनळीचे एक टोक धरले की दुसऱ्या टोकाने बाष्प बाहेर येते, आणि तिथे काडी धरली की तेही पेटते. म्हणजे जळते ते मेण वायुरूपात, हे ऐकणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. तिथून ते पाणी, हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड असे करत माणसाच्या श्वसनापर्यंत गेले. त्यांनी पारिभाषिक नावे टाळली नाहीत. वस्तू आधी दाखवली, नाव नंतर सांगितले, आणि एकदा सांगितलेले नाव पुढे निःशंकपणे वापरले. मुलांना ते पेलले. वाचकाला काय झेपेल याबद्दलचे आपले अंदाज बहुधा त्याला कमी लेखणारेच असतात.

अनिश्चितता कबूल केली तर लोकांचा विश्वास उडेल, ही भीती अशीच वाचकाला कमी लेखण्यातून आलेली आहे. केंब्रिजमधील संशोधकांच्या २०२० मधील एका अभ्यासात लोकांना काही आकडे नुसते दिले, काही ‘इतक्या ते इतक्या’ अशा मर्यादांसह दिले, आणि काही वेळा आकड्याबद्दल अनिश्चितता आहे असे केवळ शब्दांत मोघम सांगितले. मर्यादांसह दिलेल्या आकड्यांनी विश्वास कमी झाला तो अगदी किंचित. मोघम शब्दांनी तो अधिक कमी झाला. लाक्विलाच्या अधिकाऱ्याला वाटत होते तसे लोक नाजूक नसतात.

राहता राहिला संस्थांचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने खरा सार्वजनिक प्रश्न हाच आहे. कायद्यांची उणीव नाही. स्वीडनच्या २००९ च्या भाषा कायद्याने सार्वजनिक संस्थांची भाषा साधी आणि समजेल अशी असावी असे सांगितले आहे. अमेरिकेत २०१० मध्ये सरकारी कागदपत्रे सुबोध लिहिण्याचा कायदा झाला, मात्र तो पाळला गेला नाही म्हणून न्यायालयात दाद मागता येत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार औषधांच्या चाचण्यांच्या निष्कर्षांचा सामान्य माणसाला कळेल असा सारांश देणे बंधनकारक आहे. हे सगळे स्वागतार्ह आहे, पण यातले बरेचसे काम शेवटच्या टप्प्यावर होते. अहवाल तयार झाला, निष्कर्ष ठरले, सह्या झाल्या, की मग ‘लोकांसाठी’ एक आवृत्ती काढायला कोणाकडे तरी सोपवले जाते. त्या माणसाला मूळ संशोधनात काय चालले होते ते माहीत नसते. संशोधकाला त्या आवृत्तीचे सोयरसुतक नसते, कारण त्याच्या बढतीत ती कुठेच मोजली जात नाही. आणि आवृत्ती वाचून कोणाला काय कळले हे सहसा कोणी विचारत नाही.

यात बदल करायचा तर सारांशावर मूळ लेखकाचे नाव आणि जबाबदारी असली पाहिजे, आणि ते काम संशोधनाइतकेच काम म्हणून गणले गेले पाहिजे. लेखनकौशल्य असलेला माणूस त्याच्या मदतीला जरूर द्यावा, पण बदली म्हणून नव्हे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रसिद्ध होण्याआधी तो सारांश त्या विषयाशी संबंध नसलेल्या आठ-दहा वाचकांना दिला जावा. त्यांना ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. हे औषध तुम्ही घ्याल का आणि कशावरून, यातले कोणते विधान नक्की आहे आणि कोणते अंदाजाचे, यात काय सांगायचे राहिले आहे असे तुम्हाला वाटते, हे विचारावे. त्याला वेळ लागेल, पैसे लागतील आणि काही अहवाल उशिरा निघतील, हे खरे आहे. वाचक जिथे अडखळेल ते वाक्य लेखकाकडे परत जावे. आणि लेखकालाही ते दुसऱ्या शब्दांत मांडता येत नसेल, तर सारांश बाजूला ठेवून मूळ अहवालातले ते विधान पुन्हा तपासायला घ्यावे.